तुलूम: माया तटबंदी, समुद्र आणि जमिनीखालचं पाणी, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत राहणारे आपले बरेच लोक मेक्सिकोतल्या कॅनकूनला आठवडाभर जातात आणि त्यातला एक दिवस तिथल्या प्राचीन माया संस्कृतीच्या अवशेषांसाठी राखून ठेवतात. बस सकाळी नऊला निघते आणि अकराच्या सुमारास तुलूमला पोहोचते. डोक्यावर रणरणतं ऊन, पुढे छत्री उंच धरलेला गाइड, पाऊण तास पायपीट, कड्यावरचा फोटो आणि पुन्हा बस. आमची पहिली भेट अशीच झाली. घरी येऊन फोटो पाहिले तेव्हा लक्षात आलं की आपण एक शहर पाहून आलो, पण ते तिथे का होतं हे काही कळलं नाही. पुढे आई-बाबा भारतातून आले तेव्हा आम्ही तुलूममध्येच तीन रात्री राहिलो. हा लेख त्या दुसऱ्या भेटीवरून लिहिला आहे.

माझं सांगणं एकच आहे. इथले दगड आणि इथलं पाणी वेगवेगळ्या दिवसांची 'आकर्षणं' म्हणून पाहू नका. तुलूम हे बंदर होतं. समोर प्रवाळाची लांबच लांब भिंत, पायाखाली गोड्या पाण्याच्या गुहा, दक्षिणेला सरोवरं आणि कांदळवनं. या तिन्हींच्या बेचक्यात ते वसलं. तीन दिवस त्या क्रमाने आखले की सगळं आपोआप जुळतं.

आधी थोडा भूगोल

मेक्सिकोच्या आग्नेय टोकाला युकातान द्वीपकल्प आहे. त्याचा कॅरिबियन समुद्राकडचा भाग म्हणजे किंताना रो हे राज्य. कॅनकून, आकुमाल, तुलूम, कोबा, मुयिल ही सगळी ठिकाणं याच राज्यात. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना इथली जमीन विचित्र वाटते. सगळीकडे सपाट, पांढरा, सच्छिद्र चुनखडक. द्वीपकल्पाच्या उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदी जवळजवळ नाहीच. पाऊस पडला की पाणी सरळ खडकात मुरतं आणि खालच्या गुहांमधून समुद्राकडे जातं. गुहेचं छत कोसळलं की वरून विहिरीसारखं तोंड उघडतं. त्याला माया भाषेत 'झोनोत' म्हणतात, स्पॅनिश लोकांनी त्याचं 'सेनोते' केलं. आपली बारव माणसाने खोदलेली असते, ही निसर्गाने खोदलेली.

एक गैरसमज इथेच दूर करते. सगळे सेनोते उल्केच्या आघातामुळे झाले असं सर्रास सांगितलं जातं. ६.६ कोटी वर्षांपूर्वी चिकशुलूबला आदळलेल्या लघुग्रहाच्या विवराभोवती सेनोतेंचं एक कडं आहे हे खरं, पण ते मेरिदा शहराच्या बाजूला. तुलूमचे सेनोते त्या कड्यातले नाहीत. मात्र साधारण त्याच काळात आपल्याकडे लाव्हाचे थरांवर थर साचून दख्खनचं पठार तयार होत होतं. बाबा पहिल्या दिवशी पांढऱ्या खडकावर हात फिरवून म्हणाले, "म्हणजे आपला काळा दगड आणि यांचा उल्कापात एका काळातले." तीन दिवस ते भेटेल त्याला हे सांगत होते.

पहिली पायरी: महिना ठरवा

नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. हवा कोरडी, ऊन सोसवणारं, डास कमी. नाताळ ते नवीन वर्षाचा आठवडा टाळता आला तर टाळा, गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही चढतात. मार्चमध्ये अमेरिकन कॉलेजांची सुट्टी असते.

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यातही ऑगस्ट ते ऑक्टोबर जास्त धोक्याचे. त्या काळात जायचं तर रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या.

तिसरी गोष्ट फोटोंत कधी दिसत नाही ती म्हणजे सार्गासम, तपकिरी रंगाचं तरंगतं समुद्री शेवाळ. २०११ पासून ते कॅरिबियन किनाऱ्यांवर मोठ्या प्रमाणात येऊ लागलं आहे, साधारण वसंत ऋतूपासून उन्हाळा संपेपर्यंत. कुजायला लागलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. ज्यांचा सगळा भर निळ्या पाण्यात डुंबण्यावर आहे त्यांनी एप्रिल ते ऑगस्ट टाळावा. नाही जमलं तरी हिरमुसून जाऊ नका. सेनोते आणि आतली सरोवरं यांना या शेवाळाचा काही त्रास नाही.

दुसरी पायरी: कागदपत्रं आणि पोहोचणं

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कुठलाही वैध व्हिसा अथवा कायम वास्तव्याचा परवाना असेल तर पर्यटनासाठी वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. आई-बाबा त्यांच्या अमेरिकेच्या पर्यटक व्हिसावरच आले होते. तिकीट काढण्याआधी मेक्सिकोच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा वाचा, आणि परत जाताना लागणारा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, हेही तपासा. लोक जाण्याचा विचार करतात, परतीचा विसरतात.

विमान कॅनकूनला घ्या किंवा थेट तुलूमला. तुलूमचा नवा विमानतळ डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला, पण तो शहरापासून बराच लांब आहे आणि तिथे येणारी विमानंही कमी. कॅनकूनहून तुलूम सुमारे १३० किलोमीटर. विमानतळावरूनच मोठ्या वातानुकूलित बस मिळतात, दोन-अडीच तास लागतात. 'त्रेन माया' ही रेल्वेही आता या मार्गावर धावते, मात्र स्थानकं गावांपासून दूर असल्याने पुढे टॅक्सी किंवा बस पाहावी लागते. हमरस्ता ३०७ वर पांढऱ्या व्हॅन सतत ये-जा करतात, त्यांना 'कोलेक्तिवो' म्हणतात. आपल्या वडापसारख्याच. हात करायचा, बसायचं, उतरताना रोख पैसे द्यायचे. आकुमालला किंवा रस्त्यालगतच्या सेनोतेंना जायला यासारखं सोपं आणि स्वस्त काही नाही.

तिसरी पायरी: मुक्काम, पैसे, गाडी

तुलूम म्हणजे दोन वेगळ्या जागा आहेत हे बुकिंग करताना डोक्यात ठेवा. एक 'पुएब्लो', म्हणजे हमरस्त्यावरचं गाव. दुसरा समुद्रालगतचा हॉटेलांचा पट्टा. किनाऱ्यावरचा पट्टा देखणा आहे, पण फार महाग, आणि तिथला एकच अरुंद रस्ता संध्याकाळी तुंबतो. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील, सकाळी लवकर निघायचं असेल, तर गावातच राहा. बस, दुकानं, औषधं, फळवाले, साधं जेवण सगळं पायी अंतरावर असतं.

पैसे पेसोमध्येच द्या. इथे एक मेख आहे: पेसोचं चिन्ह डॉलरसारखंच असतं. फळ्यावर चिन्हापुढे २०० लिहिलं असेल तर दचकू नका, ते बहुतेक पेसो असतात. पण बोटीचे आणि सहलींचे दर काही ठिकाणी खरोखरच डॉलरमध्ये असतात, म्हणून "पेसोस?" असं विचारूनच पुढे जा. एटीएम किंवा कार्डाचं मशीन तुमच्या चलनात रूपांतर करून देऊ का असं विचारतं, तिथे नाही म्हणा. तो दर नेहमी तोट्याचा असतो. टॅक्सीला मीटर नसतो, बसण्याआधी भाडं ठरवा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीचा विमा मेक्सिकोत बंधनकारक आहे. अमेरिकन क्रेडिट कार्डाचा विमा त्यासाठी चालत नाही, म्हणून संकेतस्थळावर दिसणाऱ्या स्वस्त भाड्यात ही रक्कम मनातल्या मनात धरूनच तुलना करा. गावांत शिरताना 'तोपे' म्हणजे गतिरोधक येतात. काही अगदी उंच, काहींना रंगही नाही. पेट्रोल भरताना पंपावरचा आकडा शून्यावर आहे ना, ते उतरून बघा.

आणि एक कटू अनुभव. अवशेषांकडे वळणाऱ्या फाट्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एका माणसाने आमची गाडी हात करून थांबवली. पुढे रस्ता बंद आहे, इथेच गाडी लावा, तिकीट आणि बोटीची फेरी इथूनच घ्यावी लागते, असं त्याने ठामपणे सांगितलं. आम्ही पैसे दिले. आत गेल्यावर कळलं की खरी तिकीट खिडकी पुढेच होती आणि बोटीची काही सक्ती नव्हती. रस्त्यात कोणीही थांबवलं तर "नो, ग्रासियास" म्हणा आणि शेवटपर्यंत जा.

चौथी पायरी: दार उघडताना तटबंदीपाशी असा

अवशेष सकाळी ८ वाजता उघडतात. त्याच्या पंधरा मिनिटं आधी तिथे असा. साडेदहानंतर सहलीच्या बस येतात आणि तटाच्या आत सावली जवळपास नाहीच. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना प्रवेश मोफत असतो, त्यामुळे तो दिवस आपण दुसरीकडे घालवावा. पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं आणि भोवतालच्या 'जग्वार उद्याना'चं शुल्क वेगळं, हे धरून रोख रक्कम जवळ ठेवा. ड्रोन चालत नाही. टोपी, पाणी, चांगली पकड असलेले बूट. कड्याजवळचा खडक खडबडीत आहे.

'तुलूम' म्हणजे माया भाषेत कुंपण, तट. हे नंतरचं नाव. शहराचं मूळ नाव बहुधा 'झामा' होतं, त्याचा संबंध पहाटेशी लावतात. पूर्वेला समुद्र, म्हणजे सूर्य समोरच उगवतो. शहराचा भरभराटीचा काळ १३ वं ते १५ वं शतक. अजिंठा-वेरूळच्या मानाने हे फार अलीकडचं आहे. स्पॅनिश आले तेव्हाही इथे लोक राहत होते, आणि त्यानंतर साधारण सत्तर वर्षं राहिले. १५१८ मध्ये हुआन दे ग्रिहाल्वा या स्पॅनिश दर्यावर्दीची जहाजं या किनाऱ्याजवळून गेली. जहाजावरच्या धर्मगुरूने स्पेनमधल्या सेव्हियाएवढं मोठं शहर दिसल्याचं लिहून ठेवलं, ते तुलूमच असावं असं मानलं जातं. नंतर जंगलाने सगळं झाकलं. १८४२ मध्ये अमेरिकन प्रवासी लेखक जॉन लॉइड स्टीफन्स आणि चित्रकार फ्रेडरिक कॅथरवुड इथे आले आणि त्यांच्या चित्रांमुळे जगाला या जागेची ओळख झाली.

आत शिरताना घाई करू नका. तट तीन बाजूंना, चौथी बाजू समुद्राने राखलेली. भिंतीची उंची तीन ते पाच मीटर, जाडी काही ठिकाणी आठ मीटरपर्यंत. पाच दरवाजे, सगळे इतके अरुंद की एका वेळी एकच माणूस नीट जाऊ शकतो. जलदुर्गांच्या प्रदेशातून आलेल्या माणसाला हे लगेच उमगतं. दाराच्या आत थांबून मागे वळून पाहा, तटाची जाडी तिथूनच कळते.

मग लगेच कड्याकडे धावू नका, सगळे तेच करतात. आधी उत्तरेकडच्या तटाला लागून असलेल्या 'सेनोतेच्या घरा'पाशी जा. बाहेरून छोटीशी, कोणाचं लक्ष जाणार नाही अशी इमारत. ती एका लहानशा सेनोतेवर बांधलेली आहे. आई तिथे बराच वेळ उभी होती. कोवळं ऊन दगडावर पडलं होतं, चौथऱ्यावर हातभर लांबीचा इग्वाना पोट टेकून ऊन खात होता, आणि खाली कपारीत काळपट, स्थिर पाणी. "समुद्र एवढ्यावर आणि पाणी गोडं?" आईने विचारलं. गोडं पाणी हलकं असतं, खाऱ्या पाण्यावर तरंगतं, म्हणून किनाऱ्यालगतही वरचा थर वापरण्याजोगा मिळतो. विजयदुर्ग-सिंधुदुर्गावरच्या विहिरी पाहिलेल्या तिला वेगळं सांगावं लागलं नाही. तटाच्या आत पाणी नसेल तर तट काय कामाचा?

तिथून 'भित्तिचित्रांचं मंदिर'. दुमजली, पुढे खांब. कोपऱ्यापाशी उभे राहिलात तर दोन भिंती मिळून एक चेहरा झालेला दिसेल: डोळे, नाक, तोंड कोपऱ्याच्या दोन्ही अंगांना कोरलेले. आतली चित्रं जपण्यासाठी आत सोडत नाहीत, बाहेरूनच डोळे सरावू द्यायचे. माया लोकांचा प्रसिद्ध निळा रंग नीळ आणि एक विशिष्ट माती तापवून एकजीव करून बनवत, म्हणून तो शतकानुशतकं टिकतो. आज करडे दिसणारे हे सगळे दगड तेव्हा चुन्याने गिलावा केलेले आणि रंगवलेले होते, हे डोळ्यांपुढे आणून पाहा.

'उतरत्या देवाचं मंदिर' लहान आहे. दारावर एक मूर्ती आहे, पाय वर आणि डोकं खाली, जणू आकाशातून सूर मारतो आहे. हा देव कोण यावर एकमत नाही. काहीजण त्याचा संबंध मधमाश्यांशी जोडतात. इथल्या डंख नसलेल्या मधमाश्यांचा मध आणि मेण या किनाऱ्यावरून दूरदूर जात असे, त्यामुळे मला तरी ते पटतं. या मंदिराच्या भिंती मुद्दाम तिरक्या बांधल्या आहेत, फोटो वाकडा आला असं वाटू देऊ नका.

आता 'कास्तियो', म्हणजे किल्ला. सर्वांत मोठी इमारत, उंची साडेसात मीटर, पाठ समुद्राकडे. वर चढू देत नाहीत. तिच्या समुद्राकडच्या भिंतीत छोट्या खिडक्या आहेत. समोर, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, मेसोअमेरिकन प्रवाळभित्ती आहे, जगातली दुसऱ्या क्रमांकाची. तिच्यावर नाव आपटली तर संपलंच, पण तुलूमच्या समोर त्या भिंतीत एक खिंड आहे. रात्री खिडक्यांमागे दिवे ठेवले तर दोन्ही उजेड एकाच वेळी दिसतील ती सरळ रेषा त्या खिंडीतून येते, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. म्हणजे मंदिरच दीपस्तंभ. कड्यावर उभे राहून फेसाची पांढरी रेघ शोधा. रेघ जिथे तुटते तिथून नावा आत येत. ग्वाटेमालातल्या इश्तेपेके इथला ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काच, सुमारे सातशे किलोमीटरवरून इथे आली आहे. पाती, हत्यारं करायला तीच वापरत. १५०२ मध्ये कोलंबसलाही होंडुरासच्या बेटांजवळ अशीच एक भलीमोठी व्यापारी होडी भेटली होती, तिच्यात कोकोच्या बिया होत्या. त्या बियाच इथलं चलन.

उत्तरेकडच्या खडकावर गोल चौथऱ्याचं 'वायुदेवाचं मंदिर' आहे. वादळ येण्याआधी ते शिट्टी वाजवतं असं तिथले लोक सांगतात. सगळ्यांच्या फोटोत असतं ते हेच. कड्याखालच्या पुळणीवर जायचा जिना कधी खुला असतो, कधी बंद. उघडा असेल तर उतरा.

दीड-दोन तासांत हे सगळं निवांत होतं.

पाचवी पायरी: दुपारी सेनोतेत उतरा

तुलूमहून थेट सेनोतेला जा, त्याच दिवशी. सकाळी तटाच्या आत पाहिलेलं पाणी आता पूर्ण रूपात दिसतं. कुठला निवडावा? पोहायला घाबरणारे, लहान मुलं असतील तर 'ग्रान सेनोते': अर्धा उघडा, अर्धा गुहेत, लाकडी फळ्यांवरून पायऱ्या, पाण्यात छोटी कासवं. कांदळवनातून वाहणारा उघडा प्रवाह हवा तर 'कासा सेनोते', समुद्राच्या अगदी जवळ. आणि खरीखुरी गुहा अनुभवायची तर 'दोस ओहोस', म्हणजे दोन डोळे. एका दिवसात दोन पुरेत. पाच-सहा सेनोते एका दिवसात उरकणाऱ्या सहली मी कोणाला सुचवणार नाही.

पाणी वर्षभर साधारण २४-२५ अंश. उतरताना अंग शहारतं, दोन मिनिटांत सरावतं. उतरण्याआधी शॉवर घ्यावाच लागतो आणि अंगाला सनस्क्रीन, डासांचं मलम, तेल काहीही नको. हे नियमापुरतं पाळू नका. हे पाणी साचलेलं दिसतं पण ते पुढे गुहांमधून समुद्राकडे, त्याच प्रवाळांपर्यंत जातं. उन्हापासून वाचायला पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घ्या. लाइफ जॅकेट भाड्याने मिळतं, पोहता येत असलं तरी घ्या, म्हणजे हात-पाय न मारता वर बघता येतं.

आणि वर बघाच. छतातून चुनखडीचे सुळके खाली लोंबतात आणि काही तर पाण्याखालीही उतरलेले असतात. पाण्यात असे सुळके तयार होऊच शकत नाहीत. ते हवेत, थेंब थेंब ठिबकून बनतात. म्हणजे हिमयुगात समुद्राची पातळी खाली होती तेव्हा या गुहा कोरड्या होत्या. माणसं त्यांत चालत शिरत होती. याच परिसरातल्या ओयो नेग्रो या बुडालेल्या विवरात २००७ मध्ये पाण्याखाली बुड्या मारणाऱ्या गोताखोरांना एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला, सुमारे १३,००० वर्षांपूर्वीचा. तिला नाया नाव दिलं आहे. २०१८ मध्ये साक आक्तुन आणि दोस ओहोस या दोन गुहाजाळ्या आतून जोडलेल्या असल्याचं सिद्ध झालं, तेव्हा त्यांची मोजलेली लांबी ३४७ किलोमीटर भरली. सुळक्यांना हात लावू नका, हाताच्या तेलाने त्यांची वाढ थांबते. प्रशिक्षण नसताना दोरीच्या पलीकडे अंधारात जाऊ नका, हे वेगळं सांगायला नको.

जेवणाचं काय?

शाकाहारी मंडळींनी घाबरायचं कारण नाही, पण विचारायला शिका. तोर्तिया मक्याची असते, राजमा-घेवड्याच्या जातीच्या काळ्या दाण्यांची, म्हणजे 'फ्रिहोलेस'ची उसळ सगळीकडे मिळते, पण ती बऱ्याचदा डुकराच्या चरबीत परतलेली असते. "सिन मांतेका" म्हणजे चरबी नको. "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" म्हणजे मटण, चिकन, मासे नको. नुसतं 'कार्ने नको' म्हटलं तर चिकन येऊ शकतं. 'सिकिल पाक' नावाची भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची आणि टोमॅटोची चटणी मागवा. आपल्या तिळकुटाच्या आसपासची चव लागते. आबानेरो मिरचीला मात्र लवंगी मिरचीचा अनुभव असला तरी जपून हात लावा. नळाचं पाणी पिऊ नका.

दुसऱ्या दिवशी फळवाल्याच्या गाडीवर आईने लालभडक सरबताचा पेला उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, ही तर अंबाडी!" खरोखर अंबाडीच्या बोंडांचं सरबत. तिथे त्याला 'हमाइका' म्हणतात. चिकूचं तर घरच इथलं. डहाणू-घोलवडच्या वाड्यांतलं ते झाड मूळचं याच भागातलं. त्याच्या चिकापासून पूर्वी च्युइंग गम बनत असे, आणि त्याचं टणक लाकूड माया लोक दारांच्या वरच्या तुळईसाठी वापरत, आपल्याकडे गणेशपट्टी असते तिथे.

सहावी पायरी: कोबा, पांढऱ्या रस्त्यांचं शहर

दुसरा दिवस कोबाला. तुलूमहून वायव्येला साधारण ४५ किलोमीटर, जंगलातून सरळ रस्ता. कोबा तुलूमपेक्षा कितीतरी जुनं आणि पसरलेलं. समुद्र इथे नाही, पण तळी आहेत, आणि पाणी नसलेल्या प्रदेशात ती तळी म्हणजेच शहराचं कारण. इथून 'साकबे', म्हणजे चुन्याने पांढरे केलेले उंच बांधीव रस्ते, चारी दिशांना जातात. त्यातला एक याशुना गावापर्यंत सुमारे १०० किलोमीटर लांब आहे. बैलगाडी नाही, घोडा नाही, ओझी वाहणारी जनावरं नाहीत. सगळा माल माणसांच्या पाठीवरून. त्या रस्त्यावर पाऊल ठेवताना हे आठवा.

दारातून मुख्य पिरॅमिड 'नोओच मूल' सुमारे दोन किलोमीटर. सायकल भाड्याने मिळते, आणि गुडघेदुखीवाल्यांसाठी पुढे दोन जणांची बैठक असलेली तीनचाकी, चालक मागून पेडल मारतो. आई-बाबा त्यातच गेले, झाडांच्या सावलीतून, मजेत. पिरॅमिड ४२ मीटर उंच, १२० पायऱ्या. चढू देण्याचे नियम अलीकडच्या काळात बदलत आले आहेत, तिथे जाऊनच खात्री करा. परवानगी असली तरी पायऱ्या गुळगुळीत आणि उतरताना अवघड आहेत.

जंगलात झाडांना हात लावत चालू नका. 'चेचेन' नावाचं एक झाड आहे, खोडावर काळे ओघळ असतात. त्याचा चीक लागला की कातडीवर फोड उठतात. आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं हे झाड, बिबा उतलेला माणूस पाहिला असेल तर पुन्हा सांगायला नको.

कोबाच्या शिळांवर माया तारखा कोरल्या आहेत. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपल्यासारखी खूण म्हणजे शून्य, आणि मोजणी मुख्यतः विसाच्या पटीत. आपल्या जुन्या बाजारातही कोडीने, विसाने मोजत. शून्य त्यांनी आपल्याहून वेगळं, स्वतंत्रपणे शोधलं. शिळा झिजल्या आहेत, सगळं वाचता येत नाही, पण ठिपके-रेघा ओळखू येतात. मुलांना ते शोधायला लावा.

परत येताना चिचेन इत्सा या प्रसिद्ध माया शहरालाही जाऊ का, असं वाटेल. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. शिवाय एक गोम लक्षात घ्या: चिचेन इत्सा शेजारच्या युकातान राज्यात आहे आणि तिथलं घड्याळ किंताना रोच्या एक तास मागे असतं. जाताना तास मिळतो, परतीची बस पकडताना तोच घात करतो.

सातवी पायरी: मुयिल आणि सियान काआन

तिसरा दिवस मी तरी कशासाठीही सोडणार नाही. तुलूमच्या दक्षिणेला हमरस्त्यावरच मुयिल आहे. लहान अवशेष, गर्दी अगदी कमी, झाडीत दडलेला १७ मीटरचा कास्तियो. त्याच्या मागून लाकडी फळ्यांची वाट दलदलीवरून सरोवराकडे जाते. वाटेत लाकडी मनोरा आहे. चढलात तर सियान काआन समोर पसरलेलं दिसेल: जंगल, दोन सरोवरं आणि पलीकडे समुद्राची रेघ. नावाचा अर्थ 'आकाश जिथे जन्मतं' असा. १९८६ मध्ये हे राखीव क्षेत्र झालं, १९८७ मध्ये जागतिक वारसा.

सरोवराच्या काठावर स्थानिक माया लोकांच्या बोटी असतात. रोख पैसे न्या, दर आधी विचारा, मोबाइलसाठी पाण्यापासून वाचवणारी पिशवी घ्या. इथले मायाभाषक लोक आजही शेती करतात, बोटी चालवतात, ही संस्कृती संग्रहालयात गेलेली नाही. आभार मानायला "दिओस बोतिक" म्हणा, त्यांचा चेहरा खुलतो.

बोट दोन सरोवरं पार करून एका अरुंद कालव्यापाशी थांबते. लाइफ जॅकेट काढायचं, उलटं करायचं, बाह्यांच्या भोकांतून पाय घालायचे आणि लंगोटासारखं कमरेला बांधायचं. मग पाण्यात बसायचं. पोहायचं नाही, काहीच करायचं नाही, प्रवाह आपोआप पुढे नेतो. तळाची पांढरी वाळू दिसते, दोन्ही काठांना कांदळवन, मुळांमध्ये छोटे मासे. बाबांना पोहता येत नाही. सुरुवातीला त्यांनी बोटीचा काठ सोडला नाही. बोटवाल्याने हाताने पाण्याची दिशा दाखवली, मग सोडला, आणि पाऊण तास ते अवाक्षर न बोलता तरंगत राहिले.

कालव्याच्या काठावर एक छोटीशी दगडी माया इमारत आहे. मुयिलचा माल याच वाटेने समुद्राकडे जाई, तिथून किनाऱ्याने तुलूमकडे. बोटवाल्याला तिथे थांबायला सांगा.

वेळ उरला तर

आकुमालच्या उपसागरात हिरवी समुद्री कासवं सागरी गवत चरायला येतात. ठराविक भागात, मार्गदर्शकासोबत आणि जॅकेट घालूनच जाऊ देतात. कासवापासून लांब राहा, त्याच्या वर तरंगू नका, त्याला श्वास घ्यायला वर यावं लागतं. मे ते ऑक्टोबर हा या किनाऱ्यावरचा अंडी घालण्याचा हंगाम. वेळासला रात्री बॅटरी न लावण्याचं जे पथ्य पाळतो तेच इथे पाळायचं. पहाटे पोहोचलात तर पाणी नितळ असतं. नऊनंतर वाळू ढवळली जाते आणि मग कासव हाताच्या अंतरावर असलं तरी दिसत नाही.